इंजिनाचा उच्छ्वास

चूल मांडतांना धुरासाठीं धुराडें ठेवावें, न्हाणीघर बांधतांना पाणी जाण्यासाठीं मोरी ठेवावी, ही व्यवहारबुद्धि आपल्या पूर्वजांच्या ठिकाणीं होती. वस्तु आंत येण्याचा मार्ग कोणालाही सुचतो. कारण येणाऱ्या वस्तूचा लोभ असतो. जाणाऱ्या वस्तूची वाट योजण्यास मात्र थोडी दूरदृष्टि लागते. ज्या घराची मोरी तुंबली त्या घराचें सारें वैभव दोन दिवसांत दुर्गंधीखालीं झांकून जातें, हें वाड्यांतून व चाळींतून दिवस काढलेल्या गृहस्थास सांगावयास नको.

मोटारीच्या इंजिनालाही अशी एक मोरी असते. ती इतकी लहान, इतकी कोपऱ्यांतली आणि इतकी स्वस्त कीं, दहा दहा वर्षें गाडी वापरणाऱ्या सुशिक्षित माणसालाही तिचें नांव ठाऊक नसतें. गॅरेजांतील मंडळी तिला ‘पीसीव्ही व्हॉल्व्ह’ म्हणतात. पूर्ण नांव ‘पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन व्हॉल्व्ह’. आपण तिला उच्छ्वासाची झडप म्हणूं. ती करते काय, अडली कीं कोणते विकार उद्भवतात आणि ती घरच्या घरीं कशी बदलावी, हा ह्या महिन्याचा विषय आहे. सतारीच्या तारा लावण्याइतकाही हातखंडा ह्या कामाला लागत नाहीं; लागतें तें लक्ष आणि धीर.

पेट्रोलच्या इंजिनांत काय घडतें हें प्रथम पाहूं. सिलिंडर म्हणजे आंतून गुळगुळीत केलेलें नळकांडें. त्यांत पिस्टन वरखालीं सरकतो. पिस्टनच्या माथ्यावर हवा व पेट्रोल ह्यांचें मिश्रण दाबलें जातें, ठिणगीनें पेटतें, आणि त्या ज्वाळेचा जोर पिस्टनला खालीं लोटतो. गाडी जागीं उभी असून इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरांत हा भडका मिनिटाला ४०० वेळां उडतो. ३,००० फेऱ्यांच्या गतीनें रस्ता कापतांना तो सेकंदाला २५ वेळां उडतो. एवढा जोर पिस्टन व सिलिंडर ह्यांमधील फटींतून निसटूं नये म्हणून पिस्टनच्या अंगावर धातूच्या रिंगा चढविलेल्या असतात. परंतु तापल्यावर रिंगेला प्रसरण पावण्यास जागा हवी. म्हणून तिचीं दोन टोंकें कधींच एकमेकांस पूर्ण भिडवीत नाहींत. तेवढ्या फटींतून प्रत्येक भडक्याच्या वेळीं थोडा वायु खालीं निसटतोच. नव्या इंजिनांत थोडा निसटतो, झिजलेल्यांत पुष्कळ. पण मुळींच निसटत नाहीं असें इंजिन अद्याप कोणी घडविलेलें नाहीं.

हा निसटलेला वायु जेथें जातो त्या खालच्या पेटीला क्रँककेस म्हणतात. तेथें क्रँकशाफ्ट फिरत असतो आणि तळाशीं इंजिनाचें तेल सांठलेलें असतें. निसटलेल्या वायूंत न जळलेल्या मिश्रणाचा भाग मोठा असतो. बाकीचा जळून उरलेला धूर आणि पाण्याची वाफ. पाण्याचें नांव ऐकून कोणी चकित होईल; परंतु एक लिटर पेट्रोल पूर्ण जळलें म्हणजे जवळ जवळ एक लिटर पाणी तयार होतें, हें रसायनशास्त्राचें साधें गणित आहे. त्यांतील बहुतेक पाणी वाफेच्या रूपानें मागच्या धुराड्यावाटे निघून जातें. थोडेंसें रिंगांच्या फटींतून तेलाच्या घरांत शिरतें.

आतां हा पाहुणा आंतच कोंडला गेला तर काय होईल? पहिली गोष्ट, वाफ थंड होऊन पाणी बनतें आणि तेलाशीं घुसळलें जाऊन ताकावरील लोण्यासारखा पिवळसर गोळा तयार होतो. दुसरी, पेट्रोलचा अंश व धुरांतील आम्लें तेलाचा कस घालवितात आणि काळा चिकट गाळ धरूं लागतो. हा गाळ तेलाच्या बारीक वाटा बुजवितो. तिसरी, क्रँककेसमधील दाब चढतो, आणि बाहेर पडण्यास सरळ वाट न मिळाल्यामुळें तो ऑइल सील, गॅस्केट, तेल मोजण्याची पट्टी, अशा मिळेल त्या दुबळ्या जागेंतून तेलासह वाट काढतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानाचा सातवा अध्याय ‘नवेगान्धारणीय’ ह्या नांवाचा आहे. शरीराचे स्वाभाविक वेग अडवून धरल्यानें कोणकोणते रोग होतात ह्याचें त्यांत विवेचन आहे. यंत्राला प्राण नाहीं, म्हणून हा दृष्टांत फार ताणूं नये. परंतु कोंडलेला वेग भलत्याच ठिकाणीं प्रकट होतो, एवढा नियम दोहींकडे सारखाच लागू पडतो.

जुन्या काळच्या कारखानदारांनीं ह्यावर एक सोपा तोडगा काढला होता. क्रँककेसमधून एक नळी काढून तिचें तोंड गाडीच्या खालीं सोडून देत. गाडी धांवूं लागली म्हणजे खालून जाणाऱ्या वाऱ्याच्या ओढीनें आंतील घाण बाहेर खेंचली जाई व रस्त्यावर पडे. ह्या योजनेंत दोन दोष होते. गाडी उभी असतांना वाऱ्याची ओढ नसे, म्हणून घाण आंतच राही; आणि गाडी धांवत असतांना तीच घाण मागच्या माणसाच्या नाकांत जाई. पहिला दोष मालकाचा होता, दुसरा जगाचा. दुसऱ्या महायुद्धांत खोल पाण्यांतून जाणाऱ्या रणगाड्यांच्या इंजिनांत पाणी शिरूं नये म्हणून बंदिस्त वायुवीजनाची योजना वापरण्यांत आली. पण सामान्य मोटारींतून ही उघडी नळी तशीच चालू राहिली.

ती बंद होण्यास अमेरिकेंतील लॉस एंजलिस शहराची दुर्दशा कारण झाली. २६ जुलै १९४३ रोजीं त्या शहरावर डोळ्यांना झोंबणारें असें दाट धुरकें पसरलें कीं, शत्रूनें विषारी वायु सोडला कीं काय, असा संशय लोकांना आला. धुरकें पुढेंही वारंवार येत राहिलें. मूळचे हॉलंडचे, पण कॅलिफोर्नियांतील तंत्रविद्यापीठांत अध्यापन करणारे रसायनशास्त्रज्ञ आरी यान हागेन-स्मित हे त्यापूर्वीं अननसाच्या सुगंधाचें पृथक्करण करीत होते. १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत त्यांनीं दाखवून दिलें कीं, मोटारींतून व तेलाच्या कारखान्यांतून निघणाऱ्या न जळलेल्या इंधनाच्या वाफा आणि नायट्रोजनचे वायु ह्यांवर सूर्यप्रकाश पडला म्हणजे हें झोंबणारें धुरकें तयार होतें. सुगंधाचा अभ्यासक दुर्गंधाच्या शोधाला लागला आणि त्यानें शत्रु ओळखून दिला. तो शत्रु परदेशचा नसून प्रत्येकाच्या दारांतच उभा होता.

त्या काळच्या मोटारींतून बाहेर पडणाऱ्या इंधनवाफेचा सुमारें पांचवा हिस्सा मागच्या धुराड्यांतून नव्हे, तर ह्या क्रँककेसच्या नळींतून येत असे. तेव्हां कॅलिफोर्नियांत १९६१ पासून नव्या मोटारींना उच्छ्वासाची झडप बसूं लागली, आणि १९६४ च्या सुमारास अमेरिकेंतील बहुतेक नव्या गाड्यांवर ती आली. मोटारीचें प्रदूषण आवरण्यासाठीं बसविलेलें हें पहिलें साधन होय. धुराड्यांतील उत्प्रेरकाचा डबा, ज्याचें नांव आज सर्वांच्या तोंडीं आहे, तो त्या देशांत सरसकट येण्यास १९७५ साल उजाडावें लागलें.

युक्ति साधी आहे. पिस्टन खालीं जातांना बाहेरची हवा आंत ओढतो. ज्या नळकांड्यांतून ही हवा येते त्यास इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात, आणि इंजिन मंद चालत असतांना त्यांतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या जवळ जवळ एकतृतीयांशावर उतरतो. ही फुकटची ओढ हातीं असतांना क्रँककेसमधील वायु रस्त्यावर कशाला टाकावा? एका नळीनें तो ह्या मॅनिफोल्डकडे न्यावा म्हणजे ताज्या मिश्रणाबरोबर तो पुन्हां सिलिंडरांत जाऊन जळून जाईल. आणि दुसऱ्या नळीनें एअर फिल्टरमधून गाळलेली स्वच्छ हवा क्रँककेसमध्यें येऊं द्यावी म्हणजे पेटी सतत धुतली जाईल.

अडचण एवढीच कीं, ही ओढ नको तेव्हां जास्त आणि हवी तेव्हां कमी असते. इंजिन मंद चालतें तेव्हां निसटणारा वायु थोडा, पण ओढ अतिशय. घाटांत इंजिनावर भार पडतो तेव्हां निसटणारा वायु पुष्कळ, पण ओढ क्षीण. ह्या दोहोंचा मेळ घालण्यासाठीं वाटेंत झडप बसविली आहे. तिच्या पोटांत बोटाच्या पेराएवढा दट्ट्या व एक स्प्रिंग असते. मंद गतींत जोराच्या ओढीनें दट्ट्या मॅनिफोल्डच्या बाजूस पार खेंचला जातो व वाट अरुंद होते. मध्यम गतींत ओढ उतरते, स्प्रिंग दट्ट्याला मागें सारते आणि वाट रुंदावते. इंजिन बंद असतांना, अथवा मॅनिफोल्डमध्यें उलट भडका उडाला तर, दट्ट्या मागच्या बैठकीवर बसून वाट पूर्ण बंद करतो, म्हणजे ज्वाळा क्रँककेसपर्यंत पोंचत नाहीं. विजेची तार नाहीं, कळ नाहीं. केवळ एका स्प्रिंगेच्या विवेकावर हा कारभार चालतो.

विवेक सुटला म्हणजे दोन प्रकारें सुटतो. झडप उघडी अडकली तर मंद गतींत गरजेपेक्षां जास्त हवा आंत जाते. इंजिन अडखळतें, गति वरखालीं होते, कधीं शिटीसारखा आवाज येतो आणि नव्या गाड्यांतून इंजिनाचा पिंवळा दिवा लागतो. झडप बंद अडकली अथवा नळी गाळानें बुजली, तर वर सांगितलेले कोंडमाऱ्याचे विकार दिसूं लागतात. दाब फार चढला तर वायु ताज्या हवेच्या नळींतून उलटा येऊन एअर फिल्टरवर तेल उडवितो. तेंच तेल सिलिंडरांत जाऊन जळतें व मागून निळा धूर येतो.

आणि येथेंच पुष्कळ सज्जन गृहस्थांची फसगत होते. आमच्या शेजारीं एक सेवानिवृत्त गृहस्थ राहतात. सरकारी कचेरींत कारकुनी करून त्यांनीं संसार केला. १६ वर्षांची पेट्रोलची गाडी हीच काय ती चैन. पत्नीचे गुडघे अधू झाल्यामुळें आठवड्यांतून दोनदां तिला व्यायामोपचारासाठीं न्यावें लागतें, म्हणून ती चैन आतां गरज झाली आहे. गेल्या पावसाळ्यांत गाडीखालीं तेलाचे डाग पडूं लागले, सकाळीं निळा धूर येऊं लागला, आणि तेलाच्या झांकणाखालीं तो पिवळट गोळा सांपडला. एका गॅरेजवाल्यानें वरवर पाहून सांगितलें कीं, रिंगा गेल्या, इंजिन खोलावें लागेल, साठ हजार रुपये तयारींत ठेवा. ते माझ्याकडे येऊन म्हणाले, “मास्तर, साठ हजार घालण्यापेक्षां गाडी भंगारांत देतों. पण मग हिला रिक्षांत चढवूं कशी?”

मी विचारलें, “त्यानें कॉम्प्रेशन मोजलें का?”

“नाहीं. धूर पाहिला आणि सांगितलें.”

न्यायशास्त्राचा पहिला धडा गिरविणाऱ्या विद्यार्थ्यालाही पर्वतावरील धुरावरून अग्नीचें अनुमान कसें करावें हें शिकवितात. तें अनुमान निर्दोष आहे, कारण अग्नीवांचून धूर कोठेंच आढळत नाहीं. परंतु निळ्या धुरावरून झिजलेल्या रिंगांचें अनुमान करणें सदोष आहे. निळा धूर म्हणजे तेल जळत आहे, इतकेंच सिद्ध होतें. तें तेल झिजलेल्या रिंगांवाटे येईल, व्हॉल्व्हच्या दांड्यांवरील सीलांवाटे येईल, अथवा बुजलेल्या उच्छ्वासामुळें एअर फिल्टरच्या वाटेनेंही येईल. असा हेतु नैयायिकांच्या भाषेंत ‘सव्यभिचार’ ठरतो, आणि सव्यभिचार हेतूवर साठ हजारांचा निर्णय करूं नये. स्वस्त कारण आधीं तपासावें, महाग कारण मागाहून. हा नियम वैद्याला जितका लागू तितकाच मिस्त्रीला.

त्यांची नात अकरावीच्या विज्ञानशाखेंत आहे. ती म्हणाली, “आजोबा, मी करतें, तुम्ही फक्त पुस्तक धरा.” तेव्हां गाडीबरोबर आलेली पुस्तिका मी धरली आणि काम तिनें केलें. त्या दिवशीं जो क्रम पाळला तोच वाचकांच्या उपयोगासाठीं येथें देतों.

गाडी सपाट जागेवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा, किल्ली काढून खिशांत ठेवावी आणि इंजिन पुरतें निवूं द्यावें. रेडिएटरचा विजेचा पंखा कित्येक गाड्यांतून इंजिन बंद असतांही आपोआप फिरूं लागतो. म्हणून तेथें बोट घालूं नये. उपरण्याचें टोंक, साडीचा पदर, ओढणी, हातांतील बांगड्या व गळ्यांतील साखळी ह्यांना इंजिनापासून दूर ठेवावें.

मग झडप शोधावी. कांहीं गाड्यांतून ती टॅपेट कव्हरवर रबरी ग्रॉमेटमध्यें नुसती दाबून बसविलेली असते; कांहींत ती धातूची असून आट्यांनीं आवळलेली असते; कांहींत मॅनिफोल्डपाशीं असते. ओळखण्याची खूण एकच: टॅपेट कव्हर अथवा क्रँककेसकडून मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या बोटभर जाड नळीच्या एका टोंकाशीं ती असते. एअर फिल्टरकडे जाणारी दुसरी नळी ती ताज्या हवेची. तिच्याशीं घोटाळा करूं नये. काढण्यापूर्वीं नळ्यांचें छायाचित्र घेऊन ठेवावें, म्हणजे परत जोडतांना स्मरणावर भार पडत नाहीं.

झडपेच्या भोंवतालची धूळ आधीं फडक्यानें स्वच्छ पुसावी. कारण झडप काढल्यावर उघडें पडणारें भोंक सरळ इंजिनाच्या पोटांत जातें. नळीची क्लिप पकडीनें दाबून मागें सरकवावी. जुनें रबर चिकटलेलें असतें. तें ओढूं नये, आधीं गोल पिळून सैल करावें. आट्यांची झडप असेल तर योग्य मापाच्या पान्यानें सोडवावी. ग्रॉमेटमधली असेल तर हळूहळू डोलवीत वर उचलावी. जुनें ग्रॉमेट बिस्किटासारखें कडक होतें व त्याचे तुकडे आंत पडण्याचा संभव असतो. म्हणून चिमटा हाताशीं ठेवून तुकडे वरच्या वर वेंचून घ्यावे.

काढलेली झडप कानापाशीं हलवावी. जुन्या पद्धतीची धातूची झडप चांगली असेल तर आंतील दट्ट्या खुळखुळतो. आमच्या हातीं आलेली मुकी होती, आणि नळींत काळा गाळ भिंतीच्या गिलाव्यासारखा बसला होता. परंतु खुळखुळणारी झडप नेहमींच निर्दोष असते असें नाहीं. स्प्रिंग ढिली पडली तरी आवाज येतो. म्हणून दुसरी परीक्षा करावी: स्वच्छ रबरी नळीचा तुकडा लावून क्रँककेसच्या बाजूनें फुंकर घालावी, हवा जावी. मॅनिफोल्डच्या बाजूनें फुंकर घालावी, हवा अडावी. झडपेला तोंड लावून हवा आंत ओढूं मात्र नये, कारण तींत विषारी अवशेष असतात. फवाऱ्यानें धुऊन जुनी झडप कधीं कधीं चालू होते. पण नवी कांहीं शें रुपयांत मिळत असतां धुतलेलीवर विसंबणें हा खोटा काटकसरीपणा होय.

नवी झडप आणतांना दुकानदारास गाडीचा चॅसिस नंबर व इंजिन नंबर द्यावा. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन झडपांच्या स्प्रिंगांचा जोर निराळा असतो, आणि प्रत्येक झडप तिच्या इंजिनाच्या मापानें जुळविलेली असते. रूपावरून जुळवाजुळव करूं नये. तिच्याबरोबर नवें ग्रॉमेट आणि, जुनी नळी फुगलेली, मऊ पडलेली वा चिरलेली असेल तर, नवी नळीही घ्यावी. ही नळी तेलाला टिकणारी पाहिजे. कूलरची अथवा बागेंत पाणी घालण्याची नळी कापून बसविली तर तेलानें ती महिन्याभरांत लिबलिबीत होईल.

बसवितांना दिशा पाहावी. आट्यांची झडप प्रथम बोटांनींच फिरवावी. आटे सरळ धरले आहेत अशी खात्री झाल्यावरच पाना लावावा आणि पुस्तिकेंत सांगितलें असेल तेवढेंच आवळावें. कव्हर बहुधा ॲल्युमिनियमचें अथवा प्लॅस्टिकचें असतें. पहिलवानी केली तर आटे मरतात. मग नळी पूर्ण आंत सारून क्लिप जागेवर आणावी, हत्यारें मोजून घ्यावीं, आणि नंतरच इंजिन सुरू करावें.

शेवटची परीक्षा सोपी आहे. इंजिन मंद चालत असतां नळीची जोडणी कोठें फुसफुसत नाहीं ना तें ऐकावें. ग्रॉमेटमधली झडप असेल तर ती नळीसह वर काढून तिच्या तोंडावर अंगठा ठेवावा. अंगठा आंत ओढला गेला व इंजिनाची गति किंचित् उतरली, तर वाट मोकळी आहे असें समजावें. आमच्या आट्यांच्या झडपेची नळी सैल करून नळीच्या तोंडाशीं अंगठा ठेवला, तेव्हां ती मुलगी दचकून म्हणाली, “अहो आजोबा, हें तर श्वास घेतंय!” खरें म्हणजे तें श्वास घेत नव्हतें, सोडावयास शिकलें होतें, पण तिला त्या क्षणीं व्याकरण सांगण्याचा मोह मी आवरला.

एवढ्यानेंच सारें झालें असें मात्र नाहीं. गाळ धरलेलें तेल त्याच दिवशीं फिल्टरसह बदललें. टॅपेट कव्हरचें गॅस्केट दाबानें आधींच फाटलें होतें, तें पुढच्या आठवड्यांत बदलावें लागलें. दुसऱ्या गॅरेजांत कॉम्प्रेशन मोजून घेतलें. चारही सिलिंडरांचें ठीक भरलें. दोन महिन्यांत धूर गेला, डाग थांबले, आणि तेलाची पातळी पट्टीवर स्थिर राहिली. सर्व मिळून खर्च पांच हजारांच्या आंत आला. गुडघ्यांच्या उपचारासाठीं आजीबाई अजून त्याच गाडींतून जातात.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. रिंगा खरोखरच झिजल्या असतील तर नव्या झडपेनें त्या भरून येणार नाहींत. कॉम्प्रेशन उतरलेलें आढळलें तर इंजिन खोलण्यास पर्याय नाहीं. झांकणाखालीं पांढरट गोळा दिसला व त्याचबरोबर रेडिएटरचें पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घेऊन गाडी तज्ज्ञाकडे न्यावी. डिझेल इंजिनांत हवेची अशी ओढ नसते, म्हणून त्यांची योजना निराळी. टर्बो लावलेल्या पेट्रोल इंजिनांतही वाटा अधिक गुंतागुंतीच्या असतात. कित्येक अलीकडच्या गाड्यांतून झडप कव्हरच्या पोटांतच पातळ पडद्याच्या रूपानें घडविलेली असते व पुरतें कव्हरच बदलावें लागतें. अशा ठिकाणीं घरगुती उत्साहाला आवर घालावा.

हा विकार मुळांत होऊं नये म्हणून एक पथ्य आहे. मंडईपर्यंत दोन किलोमीटर जाणें आणि परत येणें, एवढाच ज्या गाडीचा दिनक्रम, तिचें इंजिन पुरतें तापतच नाहीं. तेलांत उतरलेलें पाणी वाफ होऊन निघून जाण्यास अवसर मिळत नाहीं. निवृत्तांच्या गाड्या बहुधा अशाच असतात. आठवड्यांतून एकदां तरी अर्धा तास मोकळ्या रस्त्यानें गाडी चालवावी, आणि तेल किलोमीटर भरले नाहींत तरी वर्षाकांठीं बदलावें.

शेवटीं एक गोष्ट, जी ह्या लेखाचें खरें प्रयोजन आहे. झडप वरचेवर बुजते असें पाहून कांहीं मिस्त्री एक ‘जुगाड’ सुचवितात: मॅनिफोल्डचें भोंक बुचानें बंद करावें आणि क्रँककेसची नळी खालीं रस्त्यावर सोडून द्यावी. इंजिन कांहीं दिवस कुरकुर करीत नाहीं, आणि मालक खूष होतो. पीयूसीच्या तपासणींतही हें सहसा उघडकीस येत नाहीं, कारण तेथील यंत्राची नळी फक्त मागच्या धुराड्यांत घालतात. आपल्या देशांत १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ चे कडक नियम लागू झाले. परंतु नियमाचा डोळा जेथें पोंचत नाहीं तेथें पाहणारें दुसरें कोणी नसतें, आपण स्वतःच असतों. १९६१ पूर्वींची ती उघडी नळी आपल्या हातानें पुन्हां जोडून घेणें म्हणजे आपल्या घरचा केर शेजाऱ्याच्या अंगणांत लोटणें होय. आणि हें अंगण म्हणजे सिग्नलपाशीं मागें उभ्या असलेल्या दुचाकीवरील लहान मुलाची छाती आहे.

प्रत्येक इंजिनांत, तसें प्रत्येक कुटुंबांत, कांहींना कांहीं निसटतेंच. तें आंत कोंडून ठेवलें तर घर नासतें, बाहेर फेंकलें तर गांव नासतो. ज्या अग्नींतून तें निघालें त्याच अग्नीच्या स्वाधीन तें पुन्हां करणें, हा तिसरा मार्ग. आणि तो मार्ग राखण्याचें काम बोटाच्या पेराएवढ्या दट्ट्याकडे सोंपविलेलें आहे. पुढल्या वेळीं काचेवर मारावयाचें पाणी भरण्यासाठीं बॉनेट उघडाल तेव्हां टॅपेट कव्हरवर दृष्टि टाका. ती नळी कोठून निघून कोठें जाते हें बोटानें माग काढीत पाहा. आणि घरांतील मुलामुलींनाही दाखवा.

पुढील महिन्यांत बॅटरीच्या टोंकांवर चढणाऱ्या पांढऱ्या बुरशीचा विचार करूं.